एलनची मुलगी

वल्लरी गव्हाणे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमध्ये दातांच्या दवाखान्यात काम करते. दात साफ करायचे, हिरड्या तपासायच्या, लहान मुलांना ब्रश कसा धरायचा ते शिकवायचं. माझे आणि माझ्या नवऱ्याचे, अरुणचे, दात कितीतरी वर्षं तिच्याच ताब्यात आहेत. समोरच्याचं तोंड उघडं आहे, त्याला उत्तर देता येणार नाही, हे ठाऊक असूनही ती प्रश्न विचारत राहते. "मावशी, परवाची डाळ-ढोकळी कशी केली होतीस गं?" आणि मी आ वासून नुसती 'आँ आँ' करते. मग ती स्वतःच हसते. ते हसू मधे बरेच महिने गेलं होतं. आता थोडंफार येतंय.

ती साडेचार-पाच वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा पाहिली. आम्ही तेव्हा नुकतेच ठाण्याहून आलो होतो. मॉरिसव्हिल म्हणजे तेव्हा रेल्वेचं एक फाटक, एक पेट्रोल पंप आणि पाईनची झाडं. दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये मी अरुणला मराठीतून चांगलीच फैलावर घेत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, जाऊ द्या ना, नवीन आहेत बिचारे." तो कुमार गव्हाणे. मूळचा नगरचा. कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला रॅलेच्या युनिव्हर्सिटीत आला आणि इथलाच झाला. त्याच्याबरोबर एक उंच, तांबूस केसांची, नाकावर ठिपकेच ठिपके असलेली बाई होती, ती त्याची बायको एलन. शाळेत संगीत शिकवायची. आणि एलनचं बोट धरून उभी असलेली सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी म्हणजे वल्लरी.

एलनला आणि कुमारला मूल झालं नाही, म्हणून त्यांनी पुण्याच्या एका संस्थेतून वल्लरीला दत्तक घेतलं होतं. ती संस्थेत आली तेव्हा तान्ही नव्हती, चालत होती. शिरूरच्या एसटी स्टँडवर एका बाकाखाली सापडली. आईबापाचा पत्ता लागला नाही. वय किती, हे डॉक्टरांनी दात मोजून ठरवलं आणि त्यावरून जन्मतारीखही ठरवली. नाव संस्थेतल्याच एका बाईंनी ठेवलेलं. एलनला तो 'ल्ल' जमेना, तरी तिने नाव बदललं नाही, हाक मारताना फक्त 'व्हॅल' म्हणायची. कुमार सांगायचा, पुण्याहून मुंबईला टॅक्सीने येताना मांडीवर मूल झोपलेलं आणि ही आपली खिडकीबाहेर बघत सबंध घाट 'व-ल्ल-री, व-ल्ल-री' करत होती. ड्रायव्हरला वाटलं, बाई जप करतेय.

एलनची आई डोरोथी विल्सन नावाच्या गावाजवळ राहायची, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. पाठीचा कणा ताठ, केस सेट केलेले, चर्चला जाताना हातमोजे. एकुलत्या एका मुलीने भारतीय मुलाशी लग्न केलं तेव्हा तिने आदळआपट केली नव्हती. लग्नात पुढच्या रांगेत बसली आणि नंतर एवढंच म्हणाली, "मुलाने बुटांना पॉलिश नीट केलं होतं." पण वल्लरी आली आणि म्हातारी पाघळली. उन्हाळ्याच्या सुट्टीत वल्लरी तिच्याकडे जायची ती शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत यायची. आल्यावर तिचं इंग्रजी असं गावरान लांबट व्हायचं की कुमारला हसू आवरायचं नाही.

डोरोथीच्या आयुष्यात चर्चच्या खालोखाल महत्त्वाचं काही असेल तर तिची संस्था. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जे लढले, त्यांच्या वंशातल्या बायकांची ही संस्था. तिथे नुसती वर्गणी भरून जाता येत नाही. मी अमक्याची मुलगी, ती तमक्याची, असं एकेक पायरी मागे जात त्या सैनिकापर्यंत पोचावं लागतं, आणि प्रत्येक पायरीला पुरावा लागतो. जन्माचा, लग्नाचा, मृत्यूचा. जुन्या काळी दाखले नव्हते, म्हणून मग चर्चच्या नोंदी, इच्छापत्रं, थडगी. डोरोथीचा पूर्वज जोसाया नावाचा शेतकरी, तो सैन्यासाठी गाड्या हाकायचा. आपली वंशावळ सिद्ध करून झाल्यावर ती गावातल्या शाखेची रजिस्ट्रार झाली, म्हणजे इतर बायकांचे पुरावे तपासणारी. वीसेक वर्षं तिने ते काम केलं आणि त्यात ती कुणाची भीडभाड ठेवायची नाही.

वल्लरी आठेक वर्षांची झाल्यापासून डोरोथी तिला बरोबर घेऊन जुन्या स्मशानांतून हिंडायची. रताळ्याच्या शेतांच्या कडेला दहा-पंधरा थडगी असतात, दगड झिजलेले, अक्षरं दिसत नाहीत. मग एकीने आरसा धरून ऊन त्या दगडावर तिरकं पाडायचं, म्हणजे अक्षरांच्या सावल्या उठतात आणि नाव वाचता येतं. आरसा धरायचं काम वल्लरीचं. "माझा हात जराही हलायचा नाही, मावशी," ती मला फुशारकीने सांगायची. "ग्रॅनी म्हणते, एवढा स्टेडी हात तिने बघितला नाही." दोघी दमल्या की झाडाखाली बसून बिस्किटं खायच्या, आणि डोरोथी तिला सांगायची, हा आपला अमुक, ही आपली तमुक, हिला अकरा मुलं झाली, त्यातली चार जगली. 'आपला' आणि 'आपली' असंच म्हणायची ती.

बारा वर्षांची असताना वल्लरीने विचारलं होतं, "ग्रॅनी, मी मेंबर कधी होणार?" डोरोथी म्हणाली, अठरा पूर्ण झाल्यावर. अठराव्या वर्षी म्हणाली, आधी कॉलेज. कॉलेज झाल्यावर म्हणाली, तुझ्या आईला तरी होऊ दे आधी, ती कुठे ऐकते माझं? ते खरंच होतं. एलनला या सगळ्यात रस नव्हता. 'मदरचा क्लब' म्हणायची आणि विषय संपवायची.

एलनला ओव्हरीचा कॅन्सर निघाला तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. ऑपरेशन झालं, केमो झाली. दोन वर्षं बरी गेली आणि मग तो परत आला, तेव्हा डॉक्टरांनी पुढच्या गोष्टी हळू आवाजात सांगितल्या. वल्लरीने आपलं डरहॅममधलं अपार्टमेंट सोडलं आणि घरी परत आली. मी एक दिवसाआड डबा घेऊन जायचे. एलनला जेवण जायचं नाही, पण माझ्या भरल्या वांग्याचा रस भाताला लावून दोन घास खायची आणि कुमारकडे बघून मराठीत म्हणायची, "चान आहे." तिला 'छ' कधी जमला नाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस मी तिच्या पायांना तेल लावत बसले होते. ती एकदम म्हणाली, "शोभना, मी मदरच्या क्लबात जायचं ठरवलंय."

मला वाटलं औषधांची गुंगी आहे.

"चाळीस वर्षं विचारतेय ती. तिला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय उरलंय आता? आणि मी एकटी नाही, व्हॅल आणि मी बरोबर. एकाच दिवशी, शेजारी शेजारी उभं राहून." मग हसून म्हणाली, "मी बसून, ती उभी राहून."

वल्लरी हे ऐकून इतकी खूश झाली की त्या घरात बऱ्याच दिवसांनी जरा मोकळं वाटलं. कामही फार नव्हतं. जोसायापासून डोरोथीपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या आधीच सिद्ध होऊन पडलेल्या. एलनने फक्त दाखवायचं, मी डोरोथीची मुलगी. आणि वल्लरीने दाखवायचं, मी एलनची मुलगी. एवढंच.

डोरोथीचं वय झालं म्हणून रजिस्ट्रारचं काम आता लोरेटा नावाच्या बाईंकडे होतं. वल्लरीने दोघींचे कागद त्यांना नेऊन दिले. तिच्या जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून एलनचं नाव आहे, वडील म्हणून कुमारचं. दत्तकविधान पुरं झालं की इथे तसाच नवा दाखला मिळतो. पण जन्मस्थळ पुणे. लोरेटाने चष्मा वर केला, खाली केला, आणि मग हळूच विचारलं, "हनी, तू दत्तक आहेस का?"

"हो," वल्लरी म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही. तिने ते कधी लपवलंच नव्हतं.

लोरेटा भली बाई. तिने वल्लरीचा हात हातात घेऊन सांगितलं की संस्थेत रक्ताचं नातं लागतं. दत्तक मुलीला दत्तक आईकडून येता येत नाही. तिच्या जन्मदात्यांच्या बाजूने कुणी त्या युद्धात असेल तर ती अवश्य अर्ज करू शकते. नियमात आहे म्हणून लोरेटा तेही बोलून गेली, आणि बोलल्यावर तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो. शिरूरच्या एसटी स्टँडवरच्या बाकाखाली सापडलेल्या पोरीला ती सांगत होती, तुझ्या खऱ्या आजोबा-पणजोबांत कुणी अमेरिकेसाठी लढलं होतं का ते शोध.

वल्लरी तिथून थेट विल्सनला गेली. हे सगळं तिने नंतर माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, समोरचा चहा गार होईपर्यंत.

डोरोथी पोर्चमध्ये पेकान, म्हणजे तिकडचे लांबट अक्रोड, सोलत बसली होती. वल्लरीने विचारलं, "ग्रॅनी, तुला माहीत होतं?"

म्हातारीने काय माहीत होतं असंही विचारलं नाही. अडकित्ता खाली ठेवला. "हो," म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू आठ वर्षांची होतीस. तुझा हात एवढा स्थिर होता. कसं सांगणार होते मी?"

"मी कायम आठच वर्षांची होते का?"

डोरोथीने मांडीवरची टरफलं झटकली. मग तिने एक जुनी गोष्ट सांगितली. तिच्या चर्चमधल्याच एका मैत्रिणीने आपल्या दत्तक नातीचा अर्ज आणला होता. रडली होती, विनवण्या केल्या होत्या. डोरोथीने तो परत केला आणि वर तिला सुनावलं की नियम आपल्या सोयीने वाकवले तर मग वंशावळीला अर्थ काय राहिला? ती मैत्रीण तिच्याशी पुन्हा बोलली नाही. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी कुमार आणि एलन पुण्याहून वल्लरीला घेऊन आले.

"मला वाटलं होतं," डोरोथी म्हणाली, "तू विचारायच्या आधी मी गेलेली असेन."

मग तिने जे सुचवलं ते ऐकून वल्लरीला रडू फुटलं. म्हातारी म्हणाली, आपण दत्तकाचं काही बोलायचंच नाही. दाखल्यावर एलनचं नाव आहे. पुण्याचं काय, माणसं परदेशात बाळंत होतात. लोरेटाला मी सांभाळते. मी सही करते. जन्मभर जिने दुसऱ्यांच्या खऱ्याखोट्याचा कीस काढला, ती अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी खोटी सही करायला निघाली होती.

"नाही म्हटलं मी, मावशी," वल्लरी मला म्हणाली. "मी चीटिंग करून मॉमची मुलगी का होऊ? मी आहेच ना?"

"आहेसच," मी म्हटलं.

"मग मला इतकं का लागतंय?"

मी चहा परत गरम करायला ठेवला.

वल्लरीने आणि डोरोथीने मिळून एवढंच ठरवलं की एलनला कळू द्यायचं नाही. एलनचा एकटीचा अर्ज पुढे पाठवायचा आणि तिला सांगायचं, वल्लरीचे कागद परदेशातले, त्यांना वेळ लागेल. एलन रोज विचारायची, आलं का काही? वल्लरी म्हणायची, "येईल, मॉम." कुमारलाही तिने सांगितलं नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावरून मॉमला सगळं कळतं, म्हणाली.

मार्चमध्ये एलनचा अर्ज मंजूर झाला. तिला कुठे नेण्यासारखी तिची अवस्था नव्हती, म्हणून शाखेच्या बायकाच घरी आल्या. पाच-सहा जणी असतील. गल्लीतली पेअरची झाडं पांढरीशुभ्र फुललेली, आणि त्या फुलांचा तो मासळीसारखा वास. कुमारने हॉलमधली खुर्ची खिडकीशी सरकवली, वल्लरीने एलनला निळा ड्रेस घातला, डोक्याला स्कार्फ बांधला. डोरोथी गडद निळ्या सूटमध्ये, छातीवर तिच्या पदकांची पट्टी. ती वल्लरीकडे बघत नव्हती आणि वल्लरी तिच्याकडे बघत नव्हती. मी शंकरपाळे केले होते आणि कुणीतरी मोठा पाउंड केक आणला होता.

लोरेटाने उभं राहून नावं वाचली. जोसायाचा मुलगा अमुक, त्याची मुलगी तमुक. दर नावाला डोरोथी हलकेच मान हलवत होती, जणू ओळखीची माणसं दारातून आत येतायत. शेवटी, "डोरोथी, आणि डोरोथीची मुलगी एलन." मग लोरेटाने वाकून एलनच्या खांद्यापाशी रिबिनीला लावलेली पिन अडकवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. डोरोथीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एलनने हात पुढे केला. "आता तू, व्हॅल. ये, इथे उभी राहा."

लोरेटाने सुरुवात केली, "व्हॅलरीचे पेपर्स अजून जरा…" आणि थांबली. तिला पुढे खोटं बोलवेना.

एलनने आयुष्यभर पोरांचं गाणं ऐकलेलं. कुठला सूर कच्चा लागला ते तिला मागच्या बाकावरूनही कळायचं. "लोरेटा, काय झालंय?" तिने विचारलं.

तेव्हा वल्लरीच पुढे झाली आणि खुर्चीशी गुडघ्यावर बसली. "मॉम, मी त्यात बसत नाही. ब्लडलाइन लागते. इट्स ओके. मला चालेल. तुझं झालं ना, मला तेवढं पुरे."

एलन तिच्याकडे बघत राहिली. मग तिची मान सावकाश आईकडे वळली. "मदर, तुला हे माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"मी दर उन्हाळ्यात तिला तुझ्याकडे पाठवत होते. तू तिला त्या थडग्यांमधून फिरवत होतीस. 'आपली माणसं' म्हणून सांगत होतीस. तेव्हाही?"

"माझं तिच्यावर प्रेम आहे, एलन."

"आहे. मी बघितलंय," एलन म्हणाली. "म्हणून तर मला कळत नाही."

तिने खांद्यावरची पिन काढायला हात वर नेला. बोटांत जोर नव्हता, नखांखाली केमोने काळं पडलेलं. दोन-तीनदा प्रयत्न केला, पिन निघेना. वल्लरी म्हणत होती, मॉम नको, प्लीज नको. एलनने कुमारकडे बघितलं. कुमार आला, त्याने मुकाट्याने ती पिन सोडवली आणि मुठीत धरून तसाच उभा राहिला. त्याला अजूनही नीटसं उमगलं नव्हतं काय घडतंय ते.

मग एलन त्या बायकांना म्हणाली, "केक घेतल्याशिवाय जाऊ नका." तशाच वळणात वाढली होती ती. आणि त्या सगळ्यांनी खरंच बशीत एकेक तुकडा घेऊन, उभ्या उभ्या, खाली मान घालून तो केक खाल्ला. इतकं कठीण खाणं मी कधी बघितलं नाही.

त्या दिवसानंतर एलन आईशी बोलली नाही. डोरोथीचा रोज फोन यायचा. कुमार रिसीव्हर पुढे करायचा, एलन डोळे मिटून घ्यायची. कुमारला जेव्हा सगळं समजलं तेव्हा तो चिडला. मी त्याला असा चिडलेला पहिल्यांदा बघितला. "आमच्याकडे हिला नगरला नेली तेव्हा आईने मांडीवर घेतली, तोंडात साखर घातली, झालं. गव्हाण्यांची झाली ती. कुणी दात मोजले नाहीत की रक्त तपासलं नाही. वल्लरी, तुला कूळ हवं असेल तर माझं घे ना!"

"बाबा," वल्लरी म्हणाली, "मला कूळ नको होतं. मला मॉमच्या शेजारी उभं राहायचं होतं."

तो गॅरेजमध्ये निघून गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

वल्लरीचे ते दिवस फार वाईट गेले. आईचं करायचं, आणि शिवाय तिला समजवायचं. "मॉम, माझ्यासाठी तिच्याशी बोल."

"तुझ्यासाठीच तर बोलत नाहीये," एलन म्हणायची.

एकदा वल्लरी स्वतः विल्सनला जाऊन डोरोथीला घेऊन आली. म्हातारी सबंध दुपार हॉलमध्ये पर्स मांडीवर धरून बसून राहिली, आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलंच राहिलं. मी तिला कॉफी दिली. तिने कप हातात घेतला, प्यायली नाही. तिला परत सोडून आल्यावर वल्लरी माझ्याकडे आली आणि दारातच खाली बसली. "मी नसते तर त्या दोघी आत्ता एकत्र असत्या, मावशी. मी त्यांच्यात आले."

"असं बोलू नये," मी म्हटलं. माणसं असंच काहीतरी म्हणतात. तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

मधेच एलनने कुमारला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. विल्सनला तिच्या घराण्याच्या स्मशानात वडिलांच्या पलीकडे डोरोथीची जागा, आणि तिच्या शेजारी एलनची जागा राखलेली होती. एलन म्हणाली, "मला त्या रांगेत ठेवू नका. मला जाळा, तुमच्यात करतात तसं. आणि मग समुद्रात सोडा."

एप्रिल सरता सरता ती फारच क्षीण झाली. शेवटच्या दिवसांत घरी येऊन बघणारी हॉस्पिसची नर्स येऊन जायची. एका संध्याकाळी वल्लरीने तिचं तोंड पुसताना पुन्हा विषय काढला. एलनने तिचं मनगट धरून ठेवलं. मग म्हणाली, "उद्या तिला आण. उद्या बोलेन. आज ताकद नाही."

वल्लरीने लगेच डोरोथीला फोन लावला. पहाटेच अरुण आणि मी विल्सनला जाऊन तिला घेऊन यायचं ठरलं. आम्ही पोचलो तेव्हा ती तयार होऊन दारात उभी होती. हातात बागेतल्या आयरिसच्या फुलांचा जुडगा, ओल्या कागदात गुंडाळलेला. वाटेत ती मागच्या सीटवर ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती, काय बोलायचं त्याची तयारी करत असावी. आम्ही गल्लीत वळलो तर वल्लरी अनवाणी बाहेर उभी होती. तिला बघितल्याबरोबर मला कळलं. डोरोथीला गाडीतून उतरेपर्यंत कळलं नाही. ती वल्लरीला म्हणाली, "जागी आहे का ती?"

एलन पहाटे झोपेतच गेली होती.

सगळं एलनने सांगितलं होतं तसं केलं. दहनाच्या जागी डोरोथी आली, मागच्या रांगेत बसली. कुणाशी वाद घातला नाही. फक्त निघताना कुमारला म्हणाली, "तिचं नाव संस्थेतून काढायला सांगू नकोस. एवढं राहू दे." कुमार म्हणाला, "राहू दे." त्याची भांडायची ताकद संपली होती. त्या वंशावळीत एलन आहे, आणि तिच्या पुढे कुणी नाही. अस्थी कुमारने आणि वल्लरीने एमराल्ड आयलला नेऊन समुद्रात सोडल्या. लग्नानंतर कुमार आणि एलन पहिल्यांदा तिथेच फिरायला गेले होते.

मला वाटलं होतं, वल्लरी आता त्या म्हातारीचं नाव काढणार नाही. मी असते तर काढलं नसतं. पण डोरोथीला दुसरं कुणी नाही. कुमार जात नाही, त्याला ते जमत नाही. वल्लरी जाते. औषधं डबीत भरून ठेवते, नखं कापते, कवळी घासून देते. त्या विषयावर दोघी बोलत नाहीत. मी एकदा विचारलं, "माफ केलंस तिला?" ती म्हणाली, "माहीत नाही गं. तिने मला वाढवलंय. तिच्यावर राग आला तरी तो राग घेऊन जायला माझ्याकडे तीच आहे."

गेल्या सप्टेंबरात एकदा डोरोथी तिला म्हणाली, "लोकांना थडगं असतं. मी तिला भेटायला कुठे जाऊ?"

पुढच्या सुट्टीला वल्लरीने तिला एमराल्ड आयलला न्यायचं ठरवलं आणि मला म्हणाली, मावशी, तूही चल, मला एकटीला भीती वाटते. बराच लांबचा रस्ता. म्हातारीने चर्चचे कपडे घातले होते, हातमोजेसुद्धा. गाडी वाळूच्या कडेला लावली, वल्लरीने डिकीतून घडीची खुर्ची काढली, आणि दार उघडून हात पुढे केला. डोरोथीने पाय बाहेर टाकला नाही. समोर समुद्र होता, वारा होता, एक बाप दोन मुलांना पतंग उडवायला शिकवत होता.

"कुठे?" तिने विचारलं.

वल्लरीने लांबवर हात केला. "तिथे कुठेतरी, ग्रॅनी. बाबांनी आणि मी बोटीतून…"

डोरोथी त्या दिशेला बघत राहिली. डोळे बारीक करकरून बघत होती, काहीतरी सापडेल म्हणून. मग तिने उघड्या दाराच्या काचेवर हात टेकला आणि म्हणाली, "इथे तर काहीच नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "मला घरी ने."

वल्लरीने खुर्चीची घडी घातली, डिकीत ठेवली. परतीच्या वाटेवर म्हातारीला झोप लागली, तिची मान एका बाजूला कलली. वल्लरीने गाडी कडेला घेतली, स्वतःचं जॅकेट गुंडाळून तिच्या मानेखाली नीट लावलं आणि पुन्हा गाडी सुरू केली. ती समोर बघून गाडी चालवत होती. तिचे गाल भिजले होते, ते ती पुसतही नव्हती.